किशोर खेळाडूंचे बलप्रशिक्षण

किशोर खेळाडूंचे बलप्रशिक्षण : वाढीच्या वयातील (साधारणतः ७ ते १८ वर्षे) खेळाडूंची ताकद आणि हालचालींवरचा ताबा वाढवण्यासाठी देखरेखीखाली दिला जाणारा पद्धतशीर व्यायाम. त्यासाठी स्वतःच्या शरीराचे वजन, रबरी पट्टे, मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू), डंबेल, बारबेल अशी साधने वापरतात. वेटलिफ्टिंग, पॉवरलिफ्टिंग आणि शरीरसौष्ठव यांच्या स्पर्धांपासून हा विषय वेगळा आहे. त्या स्पर्धांत जास्तीत जास्त वजन उचलणे किंवा शरीर घडवून दाखवणे हेच साध्य असते. इथे वजन हे केवळ साधन. या विषयावरचे बरेचसे वाद हा भेद न पाळल्यामुळे उद्‌भवले आहेत.

पूर्वपीठिका : लहान वयात अंगमेहनत किती करावी, हा प्रश्न जुना आहे. प्राचीन ग्रीसच्या ऑलिंपिक खेळांत मुलांच्या शर्यती व कुस्त्या इ. स. पू. ६३२ पासून सुरू झाल्या, असे परंपरा मानते. मुलांची पेंटॅथलॉन (पाच खेळांची एकत्रित) स्पर्धा मात्र इ. स. पू. ६२८ मध्ये एकदाच झाली आणि पुढे बंद पडली. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात या संदर्भात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. मुलांच्या गटात आणि पुढे प्रौढ गटातही विजयी झालेले ऑलिंपिक खेळाडू दोन-तीनच सापडतात, कारण कोवळ्या वयातल्या सक्तीच्या मेहनतीने त्यांची शक्ती खचते, असे तो म्हणतो. वयात येईपर्यंत हलकेच व्यायाम द्यावेत, हा त्याचा सल्ला. क्रोटोनचा मल्ल मायलो (इ. स. पू. सहावे शतक) रोज एक वासरू खांद्यावर वाही आणि ते वाढेल तशी त्याची ताकद वाढत गेली, ही कथा क्रमशः भारवाढीचा दाखला म्हणून प्रशिक्षणाच्या पुस्तकांत हटकून येते. ती दंतकथा आहे. शिवाय भार किती वाढवायचा हे तिथे वासरू ठरवते, मल्ल नव्हे. किशोरांच्या बाबतीत नेमके हेच टाळायचे असते.

वाढ खुंटण्याची समजूत : वजने उचलल्याने मुलांची उंची खुंटते, ही समजूत कोठून आली याविषयी एकमत नाही. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो. त्याला वाढपट्टी म्हणतात. हाडाची लांबी इथेच वाढते आणि पौगंडावस्थेच्या अखेरीस ही पट्टी हाडात रूपांतरित होऊन मिटते. तोवर ती आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा (हाडांना हाडांशी जोडणाऱ्या पट्ट्यांपेक्षा) नाजूक असते. प्रौढाचा अस्थिबंध ज्या झटक्याने ताणला जाईल, त्याच झटक्याने मुलाची वाढपट्टी सरकू शकते. अशा इजांचे सॉल्टर व हॅरिस या अस्थिशल्यविशारदांनी १९६३ मध्ये केलेले वर्गीकरण आजही वापरात आहे.

समजुतीचा एक उगम १९६० च्या दशकात जपानमध्ये झालेल्या निरीक्षणांत दाखवला जातो. दुर्गम भागात अवजड कष्ट करणाऱ्या मुलांची वाढ खुंटलेली आढळली होती. परंतु त्या मुलांच्या आहाराचा आणि कामाच्या तासांचा परिणाम भाराच्या परिणामापासून वेगळा काढता येत नाही. दुसरा उगम १९७० च्या दशकातील वैद्यकीय वृत्तांतांत दिसतो. किशोर वेटलिफ्टरांच्या मनगटाजवळील वाढपट्टीला झालेले अस्थिभंग त्यांत नोंदवले होते. यांतली बहुतेक उदाहरणे डोक्यावर जड वजन नेताना तोल गेल्याची किंवा देखरेख नसल्याची होती. समजूत पसरण्यास जपानी निरीक्षणांपेक्षा हे वृत्तांतच अधिक कारणीभूत झाले असावेत, कारण डॉक्टरांच्या वाचनात तेच आले. नियंत्रित प्रशिक्षणाने उंची घटल्याचे कोणत्याही विश्वसनीय अभ्यासात आढळलेले नाही. धावताना व उडीवरून उतरताना मुलाच्या पायांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, हेही या वादात अनेकदा विसरले जाते. मैदानावर मुलाला मोकळे सोडायचे आणि हातात हलका डंबेल दिसला की धास्तावायचे, यात संगती नाही.

व्यायामशाळेत मुलांना इजा होतात हे खरे. पण ८ ते १३ वर्षांच्या मुलांतील अशा इजा प्रामुख्याने हातापायांच्या असून त्यांची कारणे वजन अंगावर पडणे किंवा बोटे सापडणे अशी असतात, असे अमेरिकेतील आपत्कालीन विभागांच्या नोंदी (२००९) सांगतात. हा दोष व्यायामाचा नाही, लक्ष न देणाऱ्या मोठ्यांचा आहे.

ताकद कशी वाढते : दुसरा आक्षेप उपयुक्ततेबद्दल होता. वयात येण्यापूर्वी पुरुषसंप्रेरके अल्प असल्याने स्नायू भरणार नाहीत, मग ताकद तरी कशी वाढेल, असा तो युक्तिवाद. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९८३ मध्ये याच दिशेने साशंकता व्यक्त केली होती. कॅनडात ९ ते ११ वर्षांच्या मुलांवर २० आठवडे झालेल्या प्रयोगाने (१९९०) चित्र पालटले. मुलांची ताकद स्पष्टपणे वाढली, पण दंड व मांडी यांच्या स्नायूंचा आडवा छेद (म्हणजे जाडी) जवळपास तेवढाच राहिला. वाढ झाली होती ती मज्जासंस्थेच्या कामगिरीत : अधिक स्नायुतंतू कामाला लावणे, ते योग्य क्रमाने लावणे आणि विरोधी स्नायू वेळेवर सैल सोडणे. म्हणजे मुलाची ताकद ही मुख्यतः शिकलेली गोष्ट असते, अक्षर वळणदार होत जावे तशी. त्यामुळे प्रशिक्षणात हालचालीची गुणवत्ता आधी आणि किलो नंतर, हा क्रम शरीरशास्त्रातूनच आलेला आहे. त्याच अकादमीची पुढील निवेदने (२००१, २००८, २०२०) आणि २०१४ चे आंतरराष्ट्रीय सहमतिपत्र देखरेखीखालील प्रशिक्षणाच्या बाजूने आहेत.

हालचालींचे शिक्षण : बैठक, कमरेतून वाकणे, ढकलणे, ओढणे, लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणे), वजन धरून चालणे, उडी घेणे व उतरणे या मूळ हालचाली होत. यांपैकी उतरणे सर्वांत दुर्लक्षित. सुमारे ३० सेंमी. उंचीच्या खोक्यावरून मुलीला खाली उतरायला सांगावे आणि समोरून पाहावे. टाचा आपटल्याचा आवाज आला, गुडघे एकमेकांकडे झुकले आणि धड पुढे कोसळले, तर उड्या वाढवण्याची वेळ आलेली नाही. ‘आवाज न करता उतर’ एवढ्या एका सूचनेने पुष्कळदा गुडघे व नितंब आपोआप वाकतात. लांबलचक समजावण्याचा तितका उपयोग होत नाही. वयात आल्यानंतर मुलींमध्ये गुडघ्याचा पुढचा क्रूसबंध (एसीएल, गुडघ्याच्या आतला एक अस्थिबंध) तुटण्याचे प्रमाण त्याच खेळांतील मुलांपेक्षा बरेच जास्त असल्याने हा सराव त्यांच्यासाठी विशेष महत्त्वाचा. फुटबॉलसाठी तयार केलेल्या ‘फिफा ११+’ या वॉर्मअपने नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या गंभीर दुखापती लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

वाढीची झेप : उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींत सुमारे १२ व्या, तर मुलांत सुमारे १४ व्या वर्षी येतो. हाडे आधी लांबतात, स्नायू मागून येतात. काल सुबक बैठक मारणारा मुलगा आज टाचा उचलतो, पाठ गोल करतो. तो आळशी झालेला नसतो. त्याच्या मेंदूला नव्या लांबीच्या पायांचा हिशेब नव्याने मांडावा लागत असतो. या काळात भार कमी करावा, उड्यांची संख्या आवरावी आणि तंत्र पुन्हा पहिल्यापासून घ्यावे. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखणे (ऑसगुड-श्लाटर विकार, दोघांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे वर्णिलेला) हे याच काळातले. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शारीरिक वयात काही वर्षांचे अंतर असू शकते. म्हणून उंची, बसल्या स्थितीतील उंची, वजन व वय यांवरून झेपेचा काळ अंदाजण्याचे मिरवाल्ड सूत्र (२००२) वापरतात. फार लवकर किंवा फार उशिरा वाढणाऱ्या मुलांत ते चुकते, त्यामुळे दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करणे हा साधा उपाय त्याच्या जोडीला हवाच.

प्रत्येक गुणासाठी वयाची ठरावीक ‘खिडकी’ असते व ती हुकली की संधी जाते, असे क्रीडाप्रशिक्षणतज्ज्ञ इश्टव्हान बाल्यी यांच्या दीर्घकालीन खेळाडू-विकास प्रारूपात सुचवले होते. २०११ नंतरच्या समीक्षेत या खिडक्यांना पुरेसा प्रायोगिक आधार नसल्याचे दाखवले गेले. लॉइड व ऑलिव्हर या क्रीडावैज्ञानिकांचे प्रारूप (२०१२) ताकद व हालचाल ही दोन्ही बालपणापासून अखंड शिकवावीत असे मानते. उपलब्ध पुरावा त्याला अधिक जवळचा आहे.

मात्रा : आठवड्यातून २ ते ३ वेळा, मध्ये एक दिवस सोडून, प्रत्येक व्यायामाचे १ ते ३ सेट (फेऱ्या), प्रत्येक सेटमध्ये ८ ते १५ रेप्स (पुनरावृत्ती). ढब न बिघडता सेट पुरे झाले की ५ ते १० टक्के भार वाढवता येतो. सुरुवातीला लाकडी काठी पुरते. वयाची खालची मर्यादा जन्मतारखेने ठरत नाही; सूचना ऐकून पाळता येणे ही अट असून बहुतेक मुलांत ती ७-८ व्या वर्षी पूर्ण होते. फरक दिसायला साधारण ८ आठवडे लागतात. सराव थांबल्यास मिळवलेली ताकद काही आठवड्यांत ओसरते, म्हणून स्पर्धांच्या हंगामातही आठवड्यातून एक सत्र चालू ठेवतात.