पेठांचा पुनर्विकास आणि रस्तारेषा : पार्श्वभूमी

पुण्याच्या पेठांचं काय करायचं, हा प्रश्न महापालिका कित्येक वर्षं एकाच अंगानं हाताळते आहे: रस्ता किती रुंद करायचा. पावसाळ्यात वाडे का कोसळतात आणि धोकादायक असल्याची नोटीस लागूनही भाडेकरू तिथंच का राहतात, हे समजून घ्यायलाही याच धोरणापासून सुरुवात करावी लागते.

जुना इतिहास थोडक्यात. मंडईची इमारत १८८६ मध्ये उभी राहिली. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणाला द्या, असं नगरपालिकेचे तेव्हाचे सदस्य महात्मा फुले यांनी सांगून पाहिलं होतं. पुढे मंडईला नाव त्यांचंच मिळालं. १९५० मध्ये महापालिका झाली, १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, आणि १९६६ मध्ये पहिला विकास आराखडा मंजूर झाला. आजची गुंतागुंत मात्र मुख्यतः १९८७ च्या आराखड्यापासून आणि त्यानंतरच्या निर्णयांतून वाढत गेली.

या गुंत्याच्या मध्यभागी आहे रस्तारेषा. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० नुसार रस्त्याची नियमित रेषा आखता येते. ती कागदावर आखली म्हणजे लगेच घरं पाडली जातात असं नाही. रेषेच्या पुढे आलेलं घर पाडून नव्यानं बांधायला काढलं, की मालकानं तेवढी पट्टी सोडायची आणि मोबदल्यात एफएसआय (उरलेल्या जागेवर जास्त बांधण्याची मुभा), टीडीआर (दुसऱ्या जागेवर वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा पैसे घ्यायचे. म्हणजे रस्ता खऱ्या अर्थानं रुंद व्हायचा, तर दोन्ही बाजूंचं प्रत्येक घर नव्यानं बांधलं गेलं पाहिजे.

तसं कधीच झालं नाही. सदाशिव, नारायण किंवा शुक्रवार पेठेतली कुठलीही बोळ पाहा. एक इमारत आत सरकलेली, शेजारचा वाडा होता तिथंच, त्यापुढची पुन्हा आत. मधल्या खाचेत दुचाकी लागतात, टपरी बसते. वाहनाला त्या सुटलेल्या जागेचा उपयोग नाही, कारण पुढचा वाडा आडवा येतो. पादचाऱ्यालाही नाही, कारण तिथं गाड्या उभ्या असतात. मालकाची जागा तेवढी गेली. पेठांमधली घरं अरुंद आणि खोल, बऱ्याच ठिकाणी भिंतीला भिंत लागून. दर्शनी बाजूची पट्टी गेली, उंची वाढली की बाजूलाही जागा सोडायची, मग उरलेल्या जागेत मालक आणि सगळे भाडेकरू मावायचे कसे? कित्येक वाडे याच हिशेबावर अडून बसले आहेत, आणि हा दोष मालकांच्या हट्टाचा म्हणणं अन्यायाचं आहे.

२०१३ मध्ये सुधारित आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. त्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. पेठांमधल्या रस्तारुंदीला विरोध मोठा होता. मुदतीत काम पूर्ण झालं नाही म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारनं आराखडा ताब्यात घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. तोपर्यंत पेठांमधली बरीच रुंदी गळली होती.

पण रुंदीचा मुद्दा दुसऱ्या दारानं परत आला. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नाही. म्हणून २०२० मध्ये शहरभरातले ३२३ रस्ते कलम २१० खाली सहा मीटरचे नऊ करण्याचा प्रस्ताव आला. निवडक रस्तेच का, असा आक्षेप लगेच घेतला गेला आणि तो रास्त होता. रुंदीचं कारण वाहतूक नसून बांधकामाचा हक्क आहे, हे या प्रस्तावानं उघड केलं.

भाडेनियंत्रणामुळे वर्षानुवर्षं थिजलेली भाडी, भावकीतले वाटे आणि कोर्टातले दावे यांचा पुनर्विकासाला अडसर आहेच. शनिवारवाड्याच्या आसपास आणखी एक अडचण आहे. २०१० च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरमध्ये परवानगीची अट आहे. तिथल्या रहिवाशांना ना दुरुस्ती परवडते, ना नवी इमारत मिळते.

दरम्यान मध्यवस्तीत पोहोचण्याची रीत बदलली. डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन झाला, आणि पुढेही ११ डिसेंबरला तो होत राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो कसबा आणि मंडईखालून स्वारगेटपर्यंत गेली. तुळशीबागेत खरेदीला येणाऱ्या माणसाला आता गाडी आणायची गरज उरली नाही. व्यापाऱ्यांना मालाच्या चढउताराची आणि गिऱ्हाईक तुटण्याची काळजी आहे, पण त्यासाठी वेळा ठरवून देता येतात.

२००७ ते २०२७ या काळासाठीच्या आराखड्याची मुदत आता संपत आली आहे. ज्या बोळांमधून माणसांनी चालावं असं महापालिका म्हणते, त्यांवरच्या जुन्या रस्तारेषा ठेवायच्या की पुसायच्या, हे पुढच्या आराखड्यात स्पष्ट लिहावं लागेल. रेषा पुसल्या तर अरुंद रस्त्यावरच्या वाड्याला टीडीआरऐवजी काय द्यायचं, हेही त्याच कागदावर ठरायला हवं.