लोखंडी स्ट्रक्चरचा टॅरिफ कोड आणि कस्टम्सचा आगाऊ निर्णय: अर्ज कोणी करायचा, कागद कोणते लागतात

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याला टनाचा दर विचारा, तो हातातलं काम न थांबवता सांगेल. पण तोच माल परदेशातून मागवायचा किंवा न्हावा शेवाहून बाहेर पाठवायचा म्हटलं, की मालाच्या वर्गवारीच्या एका आठ आकडी टॅरिफ कोडवर काम अडतं. मी या भागातल्या लहान कारखान्यांची आयात-निर्यातीची कागदपत्रं पाहतो. कंटेनर बंदरात उभा, भाडं रोज चढतंय आणि मालक फोनवर विचारतोय, "साहेब, इन्व्हॉइसवर स्ट्रक्चरच लिहिलंय की, मग अडवलं कशाला?" असा फोन कुणावर करायची वेळ येऊ नये, म्हणून सविस्तर लिहितो.

लोखंड आणि पोलादाची स्ट्रक्चर कस्टम्स टॅरिफच्या ७३ व्या प्रकरणात, शीर्षक ७३०८ मध्ये येतात. पूल आणि पुलाचे भाग, मनोरे, जाळीचे खांब, छताचे सांगाडे, दारं-खिडक्या आणि त्यांच्या चौकटी, शटर, कठडे, खांब हे सगळं त्यात आहे. स्ट्रक्चरमध्ये वापरायला तयार केलेल्या प्लेट, रॉड, अँगल, सेक्शन आणि पाईपही तिथेच. पुढचे उपविभाग असे: ७३०८ १० पुलांसाठी, ७३०८ २० मनोऱ्यांसाठी, ७३०८ ३० दारं-खिडक्यांसाठी, ७३०८ ४० स्कॅफोल्डिंग आणि सेंट्रिंगच्या सामानासाठी, आणि उरलेलं ७३०८ ९०. यातले पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. शेवटचे दोन आपल्या देशाचे.

सगळा खटका 'तयार केलेल्या' या शब्दात आहे. गिरणीतून आला तसा साधा अँगल ७२१६ मध्ये जातो. वेल्डिंग करून बनवलेला अँगल किंवा सेक्शन असेल तर ७३०१. तोच अँगल ड्रॉईंगप्रमाणे कापला, बोल्टची भोकं पाडली, टोकाला प्लेट जोडली, की तो ७३०८ मध्ये येतो. पाईपचंही असंच: साधा पाईप ७३०४ ते ७३०६, ट्रससाठी तयार केलेला ७३०८. माल कस्टम्ससमोर ज्या अवस्थेत येतो, त्या अवस्थेवर कोड ठरतो. इन्व्हॉइसवरच्या नावावर नाही आणि आपण पुढे त्याचं काय करणार यावरही नाही. एवढी एक गोष्ट पक्की धरली तर निम्मे घोळ होणारच नाहीत.

आपल्याकडची उदाहरणं घेऊ. तासगाव भागातल्या एका ओळखीच्या बागायतदाराने पॉलिहाऊसचा संच मागवला. पुरवठादाराने पहिल्या कंटेनरमध्ये फक्त पाईप आणि ट्रस भरले. फिल्म, गटर आणि बाकी सामान तीन आठवड्यांनी आलं. दोन्ही इन्व्हॉइसवर 'पॉलिहाऊस सेट' असंच लिहिलेलं. आता कारखान्यात तयार होऊन जागेवर फक्त जोडायची इमारत, तिचे सगळे भाग एकत्र आले तर ९४०६ मध्ये बसते, आणि ७३०८ च्या शीर्षकातच ९४०६ च्या इमारती वगळल्या आहेत. पण पहिल्या कंटेनरमध्ये इमारत नव्हतीच, नुसता सांगाडा होता. म्हणजे तो ७३०८, आणि मागून आलेली प्लास्टिकची फिल्म ३९ व्या प्रकरणात. हे समजावून सांगण्यात जे दिवस गेले, त्यांचं भाडं त्या माणसाने खिशातून भरलं. दोन्ही कंटेनर एकदम मागवले असते आणि पॅकिंग लिस्टला ड्रॉईंगचे क्रमांक दिले असते, तर हे टळलं असतं.

सुट्या भागांत आलेली पण पूर्ण असलेली वस्तू ही पूर्ण वस्तूच मानायची, असं टॅरिफ कसं वाचायचं हे ठरवणाऱ्या अर्थनिर्णयाच्या नियमांपैकी नियम २(अ) सांगतो. पूर्ण सांगाड्याबरोबर आलेले त्याचे बोल्ट म्हणूनच त्याच्यासोबत जातात. नुसती बोल्टची पेटी आली तर ती ७३१८.

साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांचा मनोरा एकटा आला तर ७३०८ २० बघायचं. जनित्रासह पूर्ण संच आला तर ८५०२ चा विचार करायचा. साखर कारखान्याची रसाची टाकी हे स्ट्रक्चर नाही. ३०० लिटरपेक्षा मोठी टाकी ७३०९ मध्ये, आणि तिला तापवायची किंवा ढवळायची यंत्रणा बसवलेली असेल तर ८४ वं प्रकरण. गोदामात कायमचे बसवायचे मोठे रॅक ७३०८ मध्ये येतात, घरातलं लोखंडी शेल्फ मात्र फर्निचर आहे. ॲल्युमिनियमच्या स्ट्रक्चरसाठी ७६१०. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र असेल तर साधारणपणे वजनाने जो धातू जास्त, त्याप्रमाणे कोड.

शंका असेल तर आगाऊ निर्णय

एवढं वाचूनही आपला माल दोन शीर्षकांच्या मध्ये लटकत असेल, तर अंदाजाने कोड टाकू नका. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम २८-ई पासून पुढे आगाऊ निर्णयाची, म्हणजे व्यवहाराआधीच कोड ठरवून घेण्याची, सोय आहे. दिल्ली आणि मुंबई इथे त्यासाठीची प्राधिकरणं २०२१ पासून काम करतात. सांगली-साताऱ्याच्या माणसाने मुंबईला अर्ज करायचा. कार्यालय बॅलार्ड इस्टेटमधल्या न्यू कस्टम हाऊसमध्ये आहे.

ज्याच्याकडे वैध आयईसी (आयात-निर्यात कोड) आहे तो कुणीही अर्ज करू शकतो. भारतात माल पाठवणारा परदेशी पुरवठादारही करू शकतो, आणि योग्य कारण दाखवता आलं तर इतरांनाही वाट आहे. आयईसी नसेल तर आधी तो काढा. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) संकेतस्थळावर पॅन, पत्त्याचा पुरावा आणि बँक खात्याचा तपशील देऊन मिळतो, शुल्क ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते. बदल काहीच नसला तरी करावी लागते, आणि हे खूप जण विसरतात.

दोन अटी नीट बघा. माल आयात किंवा निर्यात होण्याआधीचाच प्रश्न विचारता येतो. शिवाय तोच प्रश्न तुमच्याच प्रकरणात एखाद्या कस्टम्स अधिकाऱ्यापुढे, न्यायाधिकरणात किंवा कोर्टात प्रलंबित असेल, किंवा न्यायाधिकरणाने वा कोर्टाने त्यावर आधीच निकाल दिला असेल, तर अर्ज चालत नाही. म्हणून ऑर्डर पक्की करायच्या आधीच हे काम हातात घ्यावं.

अर्ज सीएएआर-१ या नमुन्यात, चार प्रतींत, १०,००० रुपये शुल्कासह. सोबत आयईसीची प्रत, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि कुठल्या बंदरातून व्यवहार करणार याचा तपशील. पण अर्जाचा खरा जीव दोन जोडपत्रांत असतो. एकात वस्तुस्थिती लिहायची: माल कशाचा, कापणं-भोकं-वेल्डिंग-गॅल्व्हनायझिंग यातलं काय झालंय, सगळे भाग एका खेपेत येणार की वेगवेगळ्या. दुसऱ्यात आपल्या मते कोड कोणता आणि का, हे लिहायचं. त्यात शीर्षकाचे शब्द, टॅरिफमधल्या विभाग आणि प्रकरणाच्या टिपा आणि मग अर्थनिर्णयाचे नियम याच क्रमाने जा. सोबत ड्रॉईंग, कॅटलॉग, फोटो, वजनाचा तक्ता आणि प्रोफॉर्मा इन्व्हॉइस लावा. प्रत्येक भागाला ड्रॉईंगमध्ये आणि पॅकिंग लिस्टमध्ये एकच क्रमांक ठेवा. वस्तुस्थिती लपवून मिळवलेला निर्णय रद्दबातल ठरू शकतो, तेव्हा अडचणीची बाजूही मोकळेपणाने लिहा.

प्राधिकरण अर्जाची प्रत संबंधित आयुक्तांकडे पाठवतं आणि त्यांचं म्हणणं मागवतं. तुम्हाला सुनावणी मिळते. तिथे स्वतः जाता येतं किंवा अधिकृत प्रतिनिधी पाठवता येतो. अर्ज मिळाल्यापासून निर्णयाला कायद्याने तीन महिन्यांची मुदत आहे. निर्णय जाहीर होण्याआधी अर्ज मागे घेता येतो. निर्णय अर्जदारावर आणि त्याच्या बाबतीत कस्टम्स अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतो. शेजारच्या कारखान्याला मिळालेला निर्णय मुद्दे मांडायला उपयोगी पडतो, पण तुमच्या अधिकाऱ्याला तो बांधत नाही. कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली की निर्णयाची ताकद संपते. निर्णय पटला नाही तर तो हाती पडल्यापासून ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं.

माल आधीच बंदरात पोचला असेल तर ही वाट बंद. मग कलम १८ खाली शुल्काच्या तात्पुरत्या आकारणीची विनंती करायची. बंधपत्र आणि मागितलेली हमी देऊन माल सोडवता येतो, कोडचा वाद मागाहून मिटतो.

७२ आणि ७३ व्या प्रकरणातल्या आयातीसाठी पोलाद आयात देखरेख प्रणाली, म्हणजे सिम्सवर नोंदणी करून तो क्रमांक बिल ऑफ एन्ट्रीत, म्हणजे आयातीच्या कस्टम्स अर्जात, टाकावा लागतो. नोंदणीही कोडप्रमाणेच होते, त्यामुळे कोड बदलला तर तीही परत तपासा. निर्यातदारांना कर परत देणाऱ्या रोडटेप योजनेच्या परताव्याचा दरसुद्धा याच आठ आकड्यांवर ठरतो. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्स अर्ज, भरायच्या आदल्या दिवशी ड्रॉईंग, पॅकिंग लिस्ट आणि कोड हे तिन्ही टेबलावर शेजारी ठेवून आपल्या सीएचएबरोबर (कस्टम्स एजंट) एकदा वाचून घ्या.