कॅनोपी पायलटिंग

कॅनोपी पायलटिंग : उघडलेले पॅराशूट पंखासारखे उडवत जमिनीलगत वेग, अंतर आणि अचूकता यांची कसोटी पाहणारा स्कायडायव्हिंगचा स्पर्धात्मक प्रकार. खेळाडूंच्या बोलण्यात याला ‘स्वूपिंग’ आणि खेळाडूला ‘स्वूपर’ म्हणतात. स्कायडायव्हिंगच्या बहुतेक प्रकारांत जे काही करायचे ते छत्री उघडण्यापूर्वी, मुक्त पतनात करायचे असते. खाली उतरणे हा उपचार. येथे छत्री उघडल्यानंतर खेळ सुरू होतो आणि गुण ठरतात ते शेवटच्या काही सेकंदांत, पाण्यापासून वा गवतापासून जेमतेम वीतभर उंचीवर. सामान्य माणसाला पॅराशूटची भीती वाटते ती ते उघडले नाही तर काय, ही. या खेळातले गंभीर अपघात मात्र बहुधा व्यवस्थित उघडलेल्या, कुठेही न फाटलेल्या, पूर्णपणे चालकाच्या ताब्यात असलेल्या छत्रीखाली होतात. हे एकदा ध्यानात घेतले की त्यातले कौशल्य, सुरक्षेचे नियम आणि खेळाडूंमधले संबंध यांचा उलगडा होऊ लागतो.

छत्री : युद्धपटांतील गोल छत्रीचा येथे संबंध नाही. डोमिना जॅलबर्ट या अमेरिकी संशोधकाने १९६० च्या दशकात कप्प्याकप्प्यांच्या कापडी पंखाची कल्पना सिद्ध केली. पुढच्या तोंडांतून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि कापडाला पंखाचा आकार येतो. आजच्या चौकोनी व लंबवर्तुळाकार छत्र्या याच वंशातल्या. स्पर्धेची छत्री हवा झिरपू न देणाऱ्या नायलॉनची, आकाराने लहान, टोकांकडे निमुळती आणि आतून तिरप्या कापडी पडद्यांनी ताणलेली असते. या पडद्यांमुळे पंख अधिक सपाट राहतो व वेगातही त्याचा आकार मोडत नाही.

छत्री किती चपळ हे मुख्यतः तिच्या प्रत्येक चौरस फुटावर किती पाउंड भार येतो यावर ठरते. साधनांसह २०० पाउंड भरणारा नवशिका २३० चौरस फुटांच्या छत्रीखाली उतरत असेल, तर हे प्रमाण एकापेक्षा कमी असते. तोच माणूस ८० चौरस फुटांखाली आला की ते अडीचवर जाते. स्पर्धक यावर शिशाची वजने अंगावर बांधून ते आणखी वाढवतात. दुबईच्या पाम जुमेराजवळ प्रशिक्षकाला बांधून उडी मारून आलेले मराठी पर्यटक आता पुष्कळ आहेत. त्या दोघांच्या डोक्यावरची छत्री साधारण साडेतीनशे चौरस फुटांची असते. दोन्ही वस्तूंना पॅराशूट म्हणतात, साम्य जवळपास तिथेच संपते.

एक उडी : स्पर्धक साधारण ५,००० फुटांवर विमानाबाहेर पडतो आणि लगेच छत्री उघडतो. एकाच फेरीत अनेकजण बाहेर पडत असल्याने कोण कोणाच्या वर राहणार आणि कोण आधी उतरणार हे विमानात चढण्यापूर्वीच ठरलेले असते. छत्री उघडली की पहिले काम हवेचा अडथळा कमी करण्याचे. उघडण्याचा धक्का सौम्य करणारा कापडी चौकोन, म्हणजे स्लायडर, तो दोऱ्यांवरून खाली ओढून काढून टाकतो. छत्रीमागे लोंबकळणारी पिशवी व छोटी पायलट छत्रीही अनेकजण सोडवून घेतात. मग वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, ज्या उथळ तळ्यावर स्पर्धा होते त्यावरच्या लाटा, आधी उतरलेल्याची दिशा यांवर नजर ठेवत तो आपल्या ठरलेल्या बिंदूकडे सरकतो. हा बिंदू जागा आणि उंची दोन्हींचा असतो. मनगटावरचा उंचीमापक दिसतो, शिरस्त्राणातला यंत्राचा सूर कानात वाजतो. तरीही अनुभवी माणूस शेवटी डोळ्यावर विसंबतो.

या बिंदूवर पुढचे दोन्ही रायझर, म्हणजे खांद्यांवरून वर जाणारे पट्टे, खाली ओढले जातात आणि छत्री नाक खाली घालते. मग एका बाजूचा पट्टा सोडून, कंबर हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांत, कलती करून तो वळण सुरू करतो. पूर्वी हे वळण ९० वा १८० अंशांचे असे. पुढे २७० रूढ झाले आणि आजचे अव्वल खेळाडू ४५०, ६३० किंवा ८१० अंश फिरतात, म्हणजे सव्वा ते सव्वादोन प्रदक्षिणा. वळताना छत्री जवळजवळ आडवी होते, माणूस बाहेरच्या बाजूला फेकला जातो, दोऱ्या शिट्टी घालू लागतात. प्रदक्षिणा संपते तेव्हा तळ्याचे प्रवेशद्वार, म्हणजे स्पर्धेचा मार्ग जिथे सुरू होतो ती जागा, बरोबर समोर असले पाहिजे. पुढचे पट्टे सोडताच छत्री आपणहून नाक वर घेते, मागच्या पट्ट्यांच्या हलक्या दाबाने ती पाण्याला समांतर होते आणि उतरण्याचा वेग आडव्या वेगात बदलतो. पायाची बोटे पाण्यावर पांढरी रेघ ओढत जातात. सगळे काही इतक्या झटपट होते की काठावरच्या नवख्या प्रेक्षकाला छत्री दिसण्याआधी तिचा आवाज ऐकू येतो.

स्पर्धेचे प्रकार : आंतरराष्ट्रीय नियम लोझानस्थित जागतिक हवाई क्रीडा महासंघ, म्हणजे एफएआय, ठरवतो. वेगाच्या प्रकारात १० मीटर रुंद आणि ७० मीटर लांब वळणदार मार्ग कमीत कमी वेळात पार करायचा असतो. जगातले उत्तम खेळाडू त्याला दोन-सव्वादोन सेकंद घेतात. सरासरी ताशी साधारण ११२ ते १२६ किमी. अंतराच्या प्रकारात प्रवेशद्वारातून गेल्यावर जमिनीला न टेकता शक्य तितके लांब तरंगायचे. अमेरिकेच्या निक बॅचने २०११ मध्ये कोलोरॅडोत २२२.४५ मीटर अंतर काटले. समुद्रसपाटीपासून दीडेक हजार मीटर उंचीवरच्या विरळ हवेत छत्री मुळातच अधिक वेगाने जाते, हे अशा आकड्यांकडे पाहताना विसरू नये. अचूकतेच्या प्रकारात तळ्यावरच्या एकेका द्वारातून पाण्याला स्पर्श करत जायचे आणि लगेच काठावरच्या आखलेल्या चौकटींपैकी सर्वांत मोलाच्या छोट्या चौकटीत थांबायचे. ताशी शंभराचा वेग काही मीटरांत शून्यावर आणण्याची ही कसरत माझ्या मते तिन्हींत अवघड आहे, प्रेक्षकांना कितीही ‘अंतर’ आवडले तरी. कसरतींचा ‘फ्रीस्टाइल’ हा प्रकार वेगळा. कोपनहेगन शहराच्या ऐन मध्यावरील पेब्लिंगे तळ्यावर त्याच्या स्पर्धा झाल्या, तेव्हा लोक पुलांवर आणि काठांवर गर्दी करून उभे होते.

पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००६ मध्ये व्हिएन्ना येथे झाली. २०१२ मध्ये दुबईतील मोठ्या जागतिक मेळाव्यात हा प्रकार होता, तसेच काली (२०१३) आणि व्रॉत्स्वाफ (२०१७) येथील जागतिक क्रीडास्पर्धांतही. ताकदीपेक्षा वेळ साधण्याला महत्त्व असल्याने स्त्रिया व पुरुष दीर्घकाळ एकाच गटात उतरत आले. रुमेनियात जन्मलेली, संयुक्त अरब अमिरातीकडून खेळणारी कॉर्नेलिया मिहाई अव्वल खेळाडूंत गणली जाते.

धोका आणि त्याचे कारण : प्रवेशद्वारावर दीड मीटर उंचीची अदृश्य किरणरेषा असते. तिच्या वरून गेलेल्या खेळाडूला त्या फेरीत शून्य. म्हणजे नियमच खेळाडूला खाली ओढतो. वळण थोडे उंचावर सुरू झाले तर शून्य गुण. थोडे खाली सुरू झाले तर जमीन छत्रीआधी येते. या दुसऱ्या अवस्थेला स्वूपर ‘कोपऱ्यात सापडणे’ म्हणतात. त्यातून सुटण्यासाठी मागचे पट्टे वा ब्रेकचे टॉगल, म्हणजे छत्री वळवण्याच्या व थोपवण्याच्या हातातल्या मुठी, जोरात ओढावे लागतात. ते वेळेत झाले तर माणूस ओला होऊन हसत बाहेर येतो. उशीर झाला तर मांडीचे हाड, कटिभाग, मणका, किंवा जीव. तळे अडीच-तीन फूट खोल असते आणि तिरप्या पडण्यात ते पुष्कळ वाचवते. सरळ खाली येणाऱ्याला पाणीही दगडच.

१९९० च्या दशकात लहान, लंबवर्तुळाकार छत्र्या आल्या, तेव्हा जमिनीजवळ एक टॉगल खेचून झटक्यात गिरकी घेण्याची पद्धत होती. तिने बरेच बळी घेतले. नंतरच्या छत्र्या सूर मारून सरळ व्हायला जास्त उंची घेतात. ऐकायला हे अधिक धोकादायक वाटते, प्रत्यक्षात उलट आहे : छत्री आपणहून सावकाश सरळ होत असल्याने वळण उंचावर सुरू करावे लागते, चूक लवकर दिसते आणि दुरुस्तीला जागा उरते. अर्थात, ज्याने तशी सवय लावून घेतली त्यालाच.

वेगाने एक वेगळाच प्रश्न उभा केला. बेशुद्ध किंवा भान हरपलेल्या माणसाची राखीव छत्री आपोआप उघडणारे यंत्र बहुतेक स्कायडायव्हरांच्या पाठीवर असते. जर्मनीत १९९१ मध्ये आलेले सायप्रेस हे त्यांतले प्रसिद्ध. सुमारे २२५ मीटरखाली कोणी सेकंदाला ३५ मीटरपेक्षा वेगाने खाली येत असेल, तर तो अजून मुक्त पतनात आहे असे ते समजते. स्वूपर वळणात हा वेग गाठू लागले. उघड्या मुख्य छत्रीखाली, जमिनीजवळ, राखीव छत्री बाहेर येणे म्हणजे दोन छत्र्यांची गुंतागुंत. जीव वाचवणारे यंत्रच जीव घेऊ शकत होते. म्हणून ‘स्पीड सायप्रेस’ ही आवृत्ती आली. तिची वेगमर्यादा बरीच वर ठेवली आणि १०० मीटरखाली ती काही करत नाही.

टक्कर हा दुसरा धोका, आणि नैतिकदृष्ट्या अधिक गंभीर, कारण त्यात दुसरा माणूस मरतो. स्वूपर वरून घिरट्या घेत येतो तेव्हा खालून सरळ रांगेत उतरणाऱ्यांना तो दिसत नाही, आणि वळणात त्यालाही ते दिसतीलच असे नाही. अशा काही मृत्यूंनंतर अमेरिकी पॅराशूट संघटनेने आपल्या सदस्य स्कायडायव्हिंग केंद्रांवर वेगवान उतरणे आणि साधे उतरणे यांची जागा किंवा वेळ वेगळी ठेवण्याचे बंधन घातले. तिथे ‘बी’, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या, परवान्यासाठी छत्री हाताळण्याचा स्वतंत्र अभ्यासही पुरा करावा लागतो. नेदरलँड्ससारख्या देशांत किती उड्यांनंतर कोणत्या गटातली छत्री वापरता येईल याचे तक्तेच आहेत. तरुण खेळाडूंना हे जाचक वाटते. ‘मला जमतंय ना?’ हा त्यांचा युक्तिवाद असतो. पन्नास वळणे साधलेल्या माणसाला एक्कावन्नाव्याबद्दल काही कळत नाही, हे त्याचे उत्तर.

सोबतीचे बंध : एका स्वूपरचे वळण त्याला स्वतःला दिसत नाही. आपण किती खाली होतो हे त्याला कळते ते काठावरून चित्रण करणाऱ्याकडून, आणि तो काठावरचा माणूस बहुधा त्याचा प्रतिस्पर्धीच असतो. म्हणून येथे मैत्री ही केवळ संध्याकाळच्या गप्पांची गोष्ट राहत नाही. दुपारी वारा फिरला की आधी उतरलेला स्पर्धक पुढच्या विमानाकडे जाणाऱ्यांना सांगतो : ‘दुसऱ्या द्वारावर खाली दाबतंय, शंभर फूट वरून धर.’ ही माहिती लपवून तो एखादी फेरी जिंकू शकला असता. कोणी लपवल्याचे कळले, तर त्या माणसाशी पुढे कोणी नीट बोलणार नाही. उंची चुकली म्हणून वळण अर्ध्यात सोडून साधेपणाने उतरणाऱ्याला शून्य मिळते, पण काठावरून टाळ्या पडतात, आणि त्या उपरोधाच्या नसतात. अमेरिकेतील अव्वल संघातले खेळाडू शाळा चालवून इतरांना शिकवतात. त्यांचे विद्यार्थी चार-पाच वर्षांत त्यांच्याच शेजारी व्यासपीठावर उभे राहतात.

या जिव्हाळ्याची दुसरी बाजूही आहे. स्वूपर तऱ्हेवाईक, मिरवणारा आणि केंद्रावरच्या बाकीच्यांना कस्पटासमान मानणारा, अशी त्याची ख्याती काही फुकट झालेली नाही. आणि घट्ट मित्रमंडळात ‘तू अजून तयार नाहीस’ हे सांगणे परक्यापेक्षा जड जाते. बऱ्याच अपघातांनंतर मित्र म्हणतात की लक्षणे आधीच दिसत होती : रोज थोडे खाली, प्रत्येक वेळी मागच्या पट्ट्यांवर थोडा जास्त जोर. चांगल्या केंद्रांवर हे सांगायचे काम मैत्रीवर न सोडता एका ठरावीक अनुभवी व्यक्तीकडे दिलेले असते, आणि तिने ‘आज बस’ म्हटले की वाद घालायचा नसतो. पहिल्यांदा काही साधले, पहिले २७०, पहिले तळे, की सर्वांना बिअर पाजायची हा जगभरच्या केंद्रांवरचा अलिखित कर आहे. पहिल्यांदा मोठी चूक करून धड बाहेर आलेल्यालाही तो भरावा लागतो.

भारतातील स्थिती : भारतात पॅराशूटची परंपरा मुख्यतः सैन्यदलांची आहे, हवाई दलाचा ‘आकाशगंगा’ संघ १९८७ पासून प्रात्यक्षिके करतो. मराठी वाचकांना परिचित असलेल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे क्षेत्र साहसी व विक्रमी उड्यांचे आहे. कॅनोपी पायलटिंगसाठी खास खणलेले तळे, दिवसाला दहा-बारा फेऱ्या मारणारे विमान आणि वर्षाकाठी शेकडो उड्यांचा खर्च लागतो. त्यामुळे या वाटेला जाऊ इच्छिणाऱ्या भारतीयाला सराव बहुतांशी दुबई, अमेरिका वा युरोपातल्या केंद्रांवर करावा लागतो, आणि तोही पाचशेक साध्या उड्या गाठीशी बांधल्यावर.