स्पेनमध्ये स्पॅनिश साहित्य किंवा भाषांतरात मास्टर्स: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

स्पेनमधल्या सरकारी विद्यापीठात स्पॅनिश भाषा, साहित्य किंवा भाषांतर या विषयात मास्टर्स करण्यासाठी महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून अर्ज करताना गुण कमी पडले म्हणून अडकणाऱ्यांपेक्षा कागद उलट्या क्रमाने केले म्हणून अडकणारे जास्त दिसतात. भाषांतर आधी आणि अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणीकरण) नंतर, पदवी लॅमिनेट केलेली, फॉर्मवरचं नाव पासपोर्टशी न जुळणारं, अशा साध्या गोष्टींत एक वर्ष हातचं जातं. म्हणून इथे पात्रता थोडक्यात आणि कागदांचं काम सविस्तर दिलं आहे.

आधी कोर्स नीट ओळखा

स्पेनमध्ये ‘मास्तेर’ नावाने दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. ‘मास्तेर उनिवेर्सितारियो’ ही सरकारमान्य अधिकृत पदवी. ‘मास्तेर दे फोर्मासिओन पेर्मानेन्ते’ किंवा ‘तितुलो प्रोपियो’ ही त्या विद्यापीठाची स्वतःची पदवी. दुसऱ्या प्रकारातले काही कोर्स शिकवण्याच्या दृष्टीने उत्तम असतात, पण पुढे पीएचडीला प्रवेश देणारी मास्टर्स पदवी म्हणून ते धरले जात नाहीत. अधिकृत पदव्यांची नोंद स्पेन सरकारच्या ‘रुक्त’ या नोंदवहीत असते. कोर्सचं नाव तिथे सापडलं तरच पुढे जा.

भाषांतरासाठी ग्रानादा, सालामान्का, मालागा, अल्काला ही विद्यापीठं आणि बार्सिलोनाचं स्वायत्त विद्यापीठ ही नेहमीची नावं. ग्रानादाला भाषांतराची स्वतंत्र फॅकल्टी आहे, मालागात प्रकाशन क्षेत्रासाठीच्या भाषांतरावर भर आहे, तर अल्कालाचा कोर्स दवाखाने, न्यायालयं, सरकारी कार्यालयं इथल्या दुभाषी कामाचा आहे. या तिन्ही कोर्समधून बाहेर पडणाऱ्याला वेगवेगळं काम मिळतं, त्यामुळे विद्यापीठाच्या नावापेक्षा अभ्यासक्रमाकडे पाहून निवड करा. साहित्यासाठी सालामान्काचा स्पॅनिश आणि लॅटिन अमेरिकन साहित्याचा मास्टर्स जुना आणि भक्कम आहे.

भाषांतराच्या कोर्सला भाषांची जोडी लागते. मराठी-स्पॅनिश अशी जोडी या अभ्यासक्रमांत नाही. तुम्ही इंग्रजी-स्पॅनिश जोडीतच अर्ज करणार. म्हणजे स्पॅनिशमध्ये लिहिण्याची तयारी मातृभाषिकांच्या बरोबरीने बसून करावी लागते. अर्ज करण्याआधी हे स्वतःशी ठरवून घ्यावं.

पात्रता

स्पेनच्या 2021 च्या 822 क्रमांकाच्या शाही आदेशानुसार युरोपबाहेरची पदवी असलेल्याला मास्टर्ससाठी ‘ओमोलोगासिओन’ची, म्हणजे पदवीला स्पेन सरकारकडून समकक्ष ठरवून घेण्याची, गरज नाही. विद्यापीठ स्वतः दोन गोष्टी तपासतं: तुमची पदवी त्यांच्या पदवीच्या पातळीची आहे का, आणि त्या पदवीवर भारतात पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश मिळतो का. बरेच जण कुणाच्या तरी सल्ल्याने मंत्रालयाकडे ओमोलोगासिओनचा अर्ज टाकून त्याची वाट बघत बसतात. मास्टर्सच्या प्रवेशासाठी ते काम करूच नका. मात्र मास्टर्सला प्रवेश मिळाला म्हणून तुमची बी.ए. स्पेनमध्ये आपोआप मान्य झाली, असंही होत नाही.

तीन वर्षांची बी.ए. चालते का, हा प्रश्न हमखास येतो. आदेशात वर्षांची अट नाही, पदव्युत्तर प्रवेशाची अट आहे. पण तपासणी प्रत्येक विद्यापीठ आपापल्या परीने करतं आणि काही ठिकाणी तीन वर्षांच्या पदवीवर शंका काढली जाते. भारतात एम.ए. झालेलं असेल तर त्याचीही पदवी आणि गुणपत्रक सोबत जोडा. शंका तिथेच मिटते.

पदवी कोणत्या विषयाची, याने प्राधान्य ठरतं. स्पॅनिश, भाषाशास्त्र, भाषांतर, इंग्रजी साहित्य या पदव्या वरच्या गटात येतात. वाणिज्य किंवा अभियांत्रिकीचा पदवीधर अर्ज करू शकतो, पण जागा कमी असतील तर तो यादीत खाली जातो. त्याने भाषेचं प्रमाणपत्र वरच्या पातळीचं मिळवावं आणि हेतुपत्रात केलेल्या भाषांतराचे नमुने दाखवावेत.

भाषेचं प्रमाणपत्र

साहित्याच्या कोर्सला बहुधा बी-2, भाषांतराला अनेकदा त्याच्या वरची सी-1 ही युरोपीय भाषा-पातळी मागतात. पुण्या-मुंबईतल्या सर्टिफिकेट आणि डिप्लोमा कोर्सची प्रमाणपत्रं अर्जाला वजन देतात, पण पातळीचा पुरावा म्हणून ‘देले’ किंवा ‘सिएले’ या स्पॅनिशच्या परीक्षांचं प्रमाणपत्रच धरलं जातं.

देले ही परीक्षा इन्स्टितुतो सेर्वान्तेस ही स्पेन सरकारची भाषा-संस्था घेते, तिचं प्रमाणपत्र कायम वैध राहतं, आणि तिच्यात पास-नापास असतं. बी-2 मध्ये वाचन आणि लेखन हा एक गट, ऐकणं आणि बोलणं हा दुसरा. प्रत्येक गटात 50 पैकी किमान 30 लागतात. एका गटात 45 आणि दुसऱ्यात 28 मिळाले तर बेरीज 73 होऊनही नापास. आपल्याकडे व्याकरणावर भर देऊन शिकलेल्यांना हा फटका ऐकण्याच्या भागात बसतो, कारण त्यात स्पेनच्या जोडीने लॅटिन अमेरिकेतले उच्चारही येतात. निकालाला साधारण तीन महिने लागतात आणि परीक्षा वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच असते, त्यामुळे अर्जाच्या मुदतीपासून उलट मोजून तारीख धरा.

सिएले संगणकावर होते, निकाल तीन आठवड्यांच्या आत येतो, पण ती 5 वर्षंच वैध असते. मुदत जवळ आली असेल तर सिएले घ्या. वेळ हाताशी असेल तर देले द्या.

कागद: हाच क्रम ठेवा

पहिली पायरी विद्यापीठाची. पदवी प्रमाणपत्र पदवीदानानंतरचं मूळ हवं. सहा किंवा आठ सत्रांच्या सुट्या मार्कशीट देण्यापेक्षा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून एकत्रित ट्रान्स्क्रिप्ट काढून घ्या. एकाच कागदावर अपोस्टिल होतं, भाषांतराची पानंही कमी होतात. ट्रान्स्क्रिप्टवर महाविद्यालयाच्या प्राचार्यांची नव्हे, विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का असावा, नाहीतर पुढच्या पायरीवर तो परत येतो. उत्तीर्ण होण्यासाठी किमान किती गुण लागतात हे त्यावर छापलेलं आहे का, ते तिथल्या तिथे पाहून घ्या.

याच फेरीत एक पत्र मागून घ्या, कारण नंतर ते मिळवायला पुन्हा महिना जातो. तुमच्या पदवीवर भारतात पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो, असं सांगणारं हे पत्र. आंदालुसियाच्या, म्हणजे ग्रानादा आणि मालागा ज्या दक्षिणेकडच्या प्रांतात आहेत तिथल्या, विद्यापीठांना हे स्पष्टपणे लागतं. आपल्या विद्यापीठांकडे याचा तयार नमुना सहसा नसतो, म्हणून मसुदा तुम्हीच लिहून न्यावा: विद्यार्थ्याचं नाव पासपोर्टप्रमाणे, पदवीचं नाव आणि वर्ष, अभ्यासक्रम किती वर्षांचा, आणि ‘ही पदवी धारण करणारा भारतातील विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठी पात्र आहे’ हे एक ठाम वाक्य. कुलसचिव कार्यालयाच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि गोल शिक्क्यासह.

दुसरी पायरी अपोस्टिलची. शैक्षणिक कागदावर आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण होतं, ज्याला सगळे एचआरडी अटेस्टेशन म्हणतात. महाराष्ट्रासाठी ते मुंबईत मंत्रालयाच्या पातळीवर होतं. त्याआधी विद्यापीठाची पडताळणी झालेली असावी लागते. मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल स्टिकर लागतं. परराष्ट्र मंत्रालय व्यक्तीकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फत घेतं. अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे 50 रुपये आहे, वरचे पैसे सेवेचे. एजंट भलताच आकडा सांगत असेल तर त्यातलं सरकारी शुल्क किती, हे विचारा. ज्या संस्थांचे कागद ई-सनद पोर्टलवर पडताळता येतात, त्यांचं काम ऑनलाइन होतं. तुमचं विद्यापीठ तिथे आहे का, हे आधी बघा.

पदवी लॅमिनेट केलेली असेल तर तिच्यावर शिक्का आणि स्टिकर बसत नाही. लॅमिनेशन काढायला जाऊन कागद फाटतो. अशा वेळी विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढणं हाच सुरक्षित मार्ग आहे.

तिसरी पायरी भाषांतराची. स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या ‘त्रादुक्तोर खुरादो’कडूनच, म्हणजे शपथबद्ध भाषांतरकाराकडून, ते करून घ्यायचं. यादी त्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. अपोस्टिलवरचा मजकूरसुद्धा भाषांतरात यावा लागतो, म्हणून हे काम अपोस्टिलच्या नंतरच. आधी भाषांतर करून घेतलेल्यांना पैसे दोनदा मोजावे लागतात. स्कॅन पाठवताना कागदाची मागची बाजूही पाठवा. स्टिकर आणि शिक्के बहुतेक वेळा तिथेच असतात. काही विद्यापीठं इंग्रजी कागद भाषांतराशिवाय स्वीकारतात, तेव्हा खर्च करण्याआधी त्या कोर्सची सूचना वाचा. फक्त मराठीत असलेला कागद असेल तर त्याची आधी अधिकृत इंग्रजी प्रत तयार ठेवा. आणि तुमचं स्पॅनिश कितीही चांगलं असलं, तरी स्वतःच्या कागदांचं स्वतः केलेलं भाषांतर अर्जात चालत नाही.

शेवटी गुणांचं रूपांतर. स्पेनची मोजपट्टी 0 ते 10 ची आहे: 5 ला उत्तीर्ण, 7 पासून ‘नोताब्ले’, 9 पासून ‘सोब्रेसालिएन्ते’. परदेशी गुणांची सरासरी या मोजपट्टीत बसवण्यासाठी स्पेन सरकारचा ऑनलाइन फॉर्म आहे, तो विद्यार्थ्याने स्वतः भरायचा असतो. त्यात तुमच्याकडची उत्तीर्ण होण्याची किमान मर्यादा विचारतात. तुमच्या विद्यापीठात ती 40 असताना 50 लिहिलीत, तर सरासरी विनाकारण खाली येते.

फॉर्ममधलं नाव

स्पॅनिश फॉर्ममध्ये तीन रकाने असतात: नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव आणि वेगळं आईचं नाव असा क्रम असतो, आणि तो पाहून अनेक जण वडिलांचं नाव ‘दुसरं आडनाव’ म्हणून भरतात. मग विद्यापीठाच्या नोंदीत एक नाव, व्हिसावर दुसरं आणि निवासी कार्डावर तिसरं. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जे आहे तेवढंच पहिलं आडनाव, बाकी सगळं नावात, आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा. मार्कशीटवरचा क्रम वेगळा असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडा. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्रही अपोस्टिल करून घ्यावं.

मुदत आणि फी

वर्ग सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतात, पण आंदालुसियात (ग्रानादा, मालागा, सेव्हिया, कोर्दोबा) परदेशी पदवीधरांसाठीची पहिली फेरी आधीच्या हिवाळ्यातच होते, आणि ती सगळ्या विद्यापीठांची मिळून एकत्र असते. तिथे कोर्स पसंतीच्या क्रमाने भरायचे असतात. नंतरच्या फेऱ्यांत उरलेल्या जागा मिळतात, शिवाय व्हिसासाठी वेळ पुरत नाही. आपल्याकडे अंतिम वर्षाचा निकाल जून-जुलैत आणि पदवीदान त्यानंतर, त्यामुळे शेवटच्या वर्षात असतानाच ही फेरी गाठणं अवघड असतं. पदवी हातात नसताना अटींवर प्रवेश देतात का, हे प्रत्येक विद्यापीठाच्या सूचनेत पाहा. नसेल देत, तर ते एक वर्ष बी-2 वरून सी-1 ला जायला वापरणं केव्हाही फायद्याचं.

एका वर्षाचा मास्टर्स 60 क्रेडिटचा असतो. आंदालुसियात एका क्रेडिटला 13.68 युरो या दराने 820.80 युरो होतात, वर किरकोळ शुल्कं. त्या वर्षीचा दर प्रांताच्या आदेशातून ताडून घ्या. माद्रिद आणि कातालुनियात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर बराच जास्त पडतो. फीच्या या फरकामुळेच, कोर्स तुल्यबळ असतील तर, आंदालुसियाला वरची पसंती द्यावी.

व्हिसा

प्रवेशपत्र आलं की लगेच कामाला लागा. वर्ग सुरू होण्याच्या निदान 2 महिने आधी अर्ज गेलेला हवा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांसाठी मुंबईचा वाणिज्य दूतावास आहे.

पैशांचा पुरावा ‘इप्रेम’ या सरकारी निर्देशांकावर ठरतो: महिन्याला 600 युरो, म्हणजे 12 महिन्यांना 7,200. बँक स्टेटमेंटमध्ये आदल्या आठवड्यात आलेली मोठी रक्कम दिसली तर तिचा खुलासा मागतात; पालकांचं प्रायोजकपत्र आणि त्यांचे आयकर विवरण सोबत द्या. आरोग्य विमा स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचा, उपचाराच्या वेळी खिशातून काही न भरावं लागणारा हवा. नेहमीचा प्रवास विमा इथे चालत नाही. 180 दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असल्याने वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पीसीसीही (गुन्हा नोंद नसल्याचं पोलिसांचं प्रमाणपत्र) लागते. पीसीसी पासपोर्ट सेवा केंद्रातून काढा, तिलाही अपोस्टिल आणि खुरादो भाषांतर करा. तिची वैधता थोड्या महिन्यांचीच असते, म्हणून शैक्षणिक कागदांबरोबर घाईने ती काढून ठेवू नका.

अपोस्टिल झालेले मूळ कागद हातसामानात न्या. प्रवेश बहुतेक ठिकाणी मूळ कागद दाखवेपर्यंत तात्पुरता असतो. स्पेनमध्ये पोहोचल्यावर राहत्या पत्त्याची नोंद नगरपालिकेत करा आणि एक महिन्याच्या आत निवासी कार्डासाठी अर्ज करा: ईएक्स-17 हा फॉर्म, 790-012 या नमुन्यावर भरलेलं शुल्क, फोटो, पासपोर्ट आणि पत्त्याचा दाखला. पोलिस कार्यालयातल्या बोटांच्या ठशांच्या वेळा मोठ्या शहरांत लवकर भरतात, त्यामुळे पत्त्याची नोंद झाली की त्याच दिवशी ऑनलाइन वेळ घेऊन टाका.