अनुस्वारच आधी का गळतो?

आमच्या सोसायटीच्या गोविंदा पथकाचे टी-शर्ट गेल्या वर्षी पुतण्याने घरीच केले. पिवळ्या सुती कापडावर लाल व्हिनाईलची, म्हणजे पातळ प्लास्टिक फिल्मची अक्षरं, घरच्या इस्त्रीने चिकटवलेली. दुपारपर्यंत निम्म्या पाठींवर ‘गोविदा’ उरलं होतं. व्हिनाईल डुप्लिकेट निघालं, असा निकाल लागला. बिचारं निर्दोष होतं.

मुळात ते व्हिनाईलही नसावं. नाव पीव्हीसीच्या, म्हणजे पॉलिव्हिनाईल क्लोराइडच्या जमान्यातलं. आजची ताणली जाणारी फिल्म बहुधा पॉलियुरेथेनची असते. ऑटो बायर आणि सहकाऱ्यांनी 1937 साली जर्मनीत शोधलेलं हे रसायन. फिल्मची जाडी जेमतेम 0.1 मिलिमीटर.

गंमत आहे ती तिच्या पाठीवरच्या गोंदाच्या थरात. हाताला तो कोरडा लागतो, कारण त्यातल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या जागोजागी घट्ट रचून बसलेल्या असतात. दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास ही रचना सुटते, साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. तरी त्या गुंतलेल्याच असतात, म्हणून थर पाण्यासारखा पातळ न होता काकवीसारखा दाट राहतो. काकवी काही आपणहून धाग्यांच्या फटींत उतरत नाही. तिला वरून दाबून 10-15 सेकंद द्यावी लागतात. तंतूंना वेढा घालून ती तिथेच थिजली की पकड बसते. हीट प्रेस या गरम दाब देणाऱ्या यंत्राचा सपाट तवा हे काम सगळीकडे सारखं करतो. इस्त्रीचा दाब हाताचा, तोही फिरता, आणि तळाला वाफेची भोकं.

त्यात श्रावण. साध्या हवेतही सुती कापडात सुमारे 8 टक्के ओलावा असतो. दीडशे ग्रॅमच्या टी-शर्टात दहा-बारा ग्रॅम पाणी. तापल्यावर त्याची वाफ होते, आकारमान हजारपटीहून जास्त वाढतं, आणि ती नेमकी गोंदाखालून वाट काढते. म्हणून डिझाइन ठेवण्याआधी नुसतं कापड काही सेकंद दाबून घ्यायचं. पुतण्याने ही पायरी गाळली होती.

आता अनुस्वार. फिल्म सुटते ती कडेपासून. ओढ पडली की सगळा ताण कडेच्या बारीक रेघेवर एकवटतो. बाकीची अक्षरं शिरोरेषेने एकमेकांना धरून असतात, वेलांटीसुद्धा. पाच मिलिमीटरच्या ठिपक्याला शेजार नाही, आणि त्याचा कुठलाही भाग कडेपासून अडीच मिलिमीटरपेक्षा दूर नाही. कड सुटली की संपलंच.

‘टी-शर्ट मिठाच्या पाण्यात बुडवा, प्रिंट पक्की होते’ हा सल्ला सोसायटीच्या ग्रुपवर आलाच. काही रंग सुतात मुरवताना मिठाचा उपयोग होतो, पण तो रंगाच्या हौदात. थिजलेल्या गोंदाला मीठ काय करणार? चिकटवल्यावर एक दिवस थांबून, उलटा करून, गार पाण्यात धुवावा, एवढं पुरे.

यंदा पुतण्या भाड्याने हीट प्रेस आणतोय. शिवाय कॉम्प्युटरवर त्याने ‘गोविन्दा’ असं लिहून घेतलंय, अर्धा न शिरोरेषेला टांगलेला. तत्सम शब्द आहे, शुद्धलेखनवाल्यांनाही चालतं.