लहान शहरातील डिजिटल रेडिओ व भूस्थित दूरचित्रवाणीचे ग्रहण

केबल, उपग्रह किंवा इंटरनेट यांचा आधार न घेता, जमिनीवरील मनोऱ्यांवरून थेट हवेतून येणारे डिजिटल रेडिओ व दूरचित्रवाणी कार्यक्रम स्वतःच्या अँटेनावर पकडणे म्हणजे भूस्थित ग्रहण होय. महानगरात मुख्य प्रक्षेपक जवळच असतो आणि खिडकीत ठेवलेली वीतभर अँटेनाही बहुधा पुरते. अगदी विरळ वस्तीच्या प्रदेशात उंच खांब उभारावा लागणार हे आधीच गृहीत धरलेले असते. लहान शहर या दोहोंच्या मध्ये सापडते. मुख्य मनोरा अनेकदा ४० ते ८० किलोमीटर दूर आणि दुसऱ्याच मोठ्या शहरासाठी उभारलेला असतो. जवळ काही असलेच तर कमी शक्तीचा पुनःप्रक्षेपक असतो, आणि तो मुख्य मनोऱ्यावरच्या सगळ्या वाहिन्या देतोच असे नाही. म्हणून एकाच गल्लीत एका घरी सगळ्या वाहिन्या स्वच्छ दिसतात आणि शेजारच्या घरी निम्म्याही लागत नाहीत. या फरकाचे कारण संचाच्या किमतीत क्वचितच सापडते. अँटेनाची उंची, तिची दिशा आणि गरजेपेक्षा किती सिग्नल शिल्लक उरतो, यांवर सगळे अवलंबून असते.

शिल्लक सिग्नलाचा मुद्दा डिजिटल ग्रहणात विशेष महत्त्वाचा आहे, कारण ही शिल्लक डोळ्यांना दिसत नाही. जुन्या अॅनालॉग दूरचित्रवाणीत सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या येत, परावर्तित लहरींमुळे चित्रामागे सावली उमटे, आणि चित्र किती बिघडले त्यावरून अँटेना किती चुकली हे घरातले कोणीही सांगू शके. डिजिटल प्रक्षेपणात चूक दुरुस्त करणारी सांकेतिक भर सिग्नलातच घातलेली असते. त्यामुळे सिग्नल आणि पार्श्वभूमीचा गोंगाट यांचे गुणोत्तर ठरावीक मर्यादेच्या वर आहे तोवर चित्र निर्दोष राहते. त्या मर्यादेखाली एक-दोन डेसिबल (शक्तीतील फरक पटींत मोजण्याचे एकक) घसरले, की आधी चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि मग पडदा काळा होतो. ही मर्यादा प्रणालीनुसार बदलते. अमेरिकेतील मूळ एटीएससी प्रणालीत ती सुमारे १५ डेसिबल आहे, तर युरोपात रूढ झालेल्या डीव्हीबी-टी प्रणालीच्या नेहमीच्या मांडणीत परावर्तने धरून २० डेसिबलच्या आसपास जाते. मर्यादेपेक्षा १ डेसिबल वर असलेले घर आणि १५ डेसिबल वर असलेले घर यांना आज सारखेच चित्र दिसते. पावसाळ्यात समोरच्या झाडाची पालवी दाट होऊन भिजली, की पहिल्या घरातले चित्र जाते.

उंचीचा परिणाम आकड्यांत मांडता येतो. वातावरणात लहरी किंचित वाकतात हे धरून रेडिओ क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर काढण्यासाठी मनोऱ्याच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणतात. सपाट प्रदेशात १५० मीटर उंचीच्या प्रक्षेपकाचे क्षितिज सुमारे ५० किलोमीटरवर येते, आणि घराच्या छतावर १० मीटरवर बसवलेली अँटेना त्यात आणखी १३ किलोमीटरची भर घालते. लहान शहर बरेचदा याच ६३ किलोमीटरच्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे असते. क्षितिजापलीकडेही सिग्नल पोहोचतो, पण तो झपाट्याने क्षीण होत जातो आणि हवामानाबरोबर खाली-वर होतो. अँटेना छतावरून घरात आणली तर काय होते, याचा हिशेब २००६ मध्ये जिनिव्हात युरोप, आफ्रिका आणि मध्यपूर्वेसाठी ठरलेल्या वारंवारता-योजनेत मिळतो. १० मीटरवरून दीड मीटरवर उतरल्याबद्दल ५०० मेगाहर्ट्झला १६ डेसिबल, आणि भिंतीतून आत येण्याबद्दल आणखी सरासरी ८ डेसिबल घट त्यात धरलेली आहे. म्हणजे छतावरच्या अँटेनाला मिळणाऱ्या शक्तीचा सुमारे अडीचशेवा भागच खोलीत पोहोचतो. ही तूट कोणताही महागडा संच भरून काढत नाही. लहान शहरात घरातल्या अँटेनाने काम भागले नाही, तर संच बदलण्याआधी छतावर जावे, असे म्हणावेसे वाटते ते याच हिशेबामुळे.

अँटेनाचे मोजमाप तरंगलांबीवरून ठरते. दूरचित्रवाणीचे बहुतेक प्रक्षेपण यूएचएफ या वारंवारता-पट्ट्यात होते. युरोपात आज हा पट्टा ४७० ते ६९४ मेगाहर्ट्झ, तर अमेरिकेत ४७० ते ६०८ मेगाहर्ट्झ असा उरला आहे. वरचा भाग मोबाइल सेवांना देण्यात आला. ५०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ६० सेंटिमीटर असल्यामुळे अर्धतरंगी दांडी सुमारे ३० सेंटिमीटरची होते. २०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या व्हीएचएफ पट्ट्यासाठी तीच दांडी ७५ सेंटिमीटरची लागते, आणि म्हणूनच केवळ यूएचएफसाठी बनवलेल्या आटोपशीर अँटेनावर व्हीएचएफमधील वाहिनी सहसा नीट येत नाही. छतांवर सर्वत्र दिसणारी एका दांड्यावर आडव्या पट्ट्या लावलेली अँटेना जपानमधील सेंदाई येथील तोहोकू शाही विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांच्या संशोधनातून १९२६ च्या सुमारास पुढे आली. तिच्या पुढच्या लहान पट्ट्या लहरींना एका दिशेने एकवटतात, आणि मागचा परावर्तक पाठीमागून येणाऱ्या लहरी अडवतो. तिची दिशा जेवढी नेमकी, तेवढा लाभ अधिक. पट्ट्या आडव्या ठेवायच्या की उभ्या, हे प्रक्षेपकाच्या ध्रुवणावर, म्हणजे त्याच्या लहरी आडव्या कंप पावतात की उभ्या यावर, ठरते. ब्रिटनमध्ये मुख्य मनोरे बहुधा आडव्या आणि लहान पुनःप्रक्षेपक बहुधा उभ्या ध्रुवणाने प्रक्षेपण करतात, त्यामुळे तिथे शेजाऱ्यांच्या अँटेना पाहूनही कोण कुठला मनोरा पकडतो याचा अंदाज येतो. ध्रुवण चुकले तर दिशा अचूक असूनही सिग्नलाचा मोठा भाग वाया जातो.

दिशा लावण्याचे कामही डिजिटलमध्ये वेगळ्या रीतीने करावे लागते. पूर्वी एकजण छतावर अँटेना फिरवी, दुसरा खालून “आलं, आलं… गेलं!” असे ओरडे, आणि चित्र त्याच क्षणी उत्तर देई. आता संचाला सिग्नल ओळखून, चुका सुधारून, चित्र उभे करायला दोन-तीन सेकंद लागतात. पूर्वीच्याच वेगाने अँटेना फिरवत राहिले, तर चित्र उमटेपर्यंत योग्य दिशा मागे पडलेली असते. म्हणून अँटेना थोडीशी, पाच-सात अंशांनी, वळवावी, थांबावे, आणि संचाच्या सेटिंगमधील सिग्नलाची शक्ती व गुणवत्ता हे दोन पट्टे वाचावेत. दोहोंत गुणवत्तेचा पट्टा महत्त्वाचा. शक्ती भरपूर दिसते पण गुणवत्ता पडलेली आहे, असे असेल तर परावर्तने, परकी लहर किंवा अतिरिक्त वर्धन यांपैकी काहीतरी घडत असते. चित्र आले की लगेच खिळ न आवळता, चित्र दोन्ही बाजूंना कुठे जाते ते पाहून त्याच्या मधोमध अँटेना पक्की करणे ही जाणकारांची रीत आहे.

वर्धकाबद्दल, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरबद्दल, गैरसमज फार आहेत. वर्धक सिग्नल निर्माण करत नाही. आलेला सिग्नल आणि त्याबरोबरचा गोंगाट दोन्ही वाढवतो आणि स्वतःचा थोडा गोंगाट त्यात मिसळतो. त्याचा खरा उपयोग केबलमधील घट भरून काढण्यासाठी आहे. ७५ ओहमच्या नेहमीच्या आरजी-६ केबलमध्ये यूएचएफच्या वरच्या भागात दर ३० मीटरला साधारण ६ डेसिबल घट होते, आणि ही घट होण्याआधीच वाढ करायची असल्यामुळे वर्धकाची जागा खांबावर, अँटेनालगत असते. संचाच्या मागे लावलेला वर्धक उशिरा आलेला असतो. जवळच कमी शक्तीचा पुनःप्रक्षेपक किंवा मोबाइलचा मनोरा असेल, तर मात्र वर्धक त्या जोरदार लहरीनेच गुदमरतो आणि दूरच्या वाहिन्या नाहीशा होतात. अशा वेळी वर्धक काढून टाकल्यावर वाहिन्या परत आल्याचा अनुभव अनेकांना येतो. ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झमधील मोबाइल लहरी रोखणारा गाळक वर्धकाच्या आधी लावणे हा दुसरा उपाय.

जोडणीतील दोष त्याहून साधे आणि अधिक वेळा आढळणारे आहेत. केबलच्या टोकाला बसवलेला एफ कनेक्टर उघडून पाहिला, तर बाहेरच्या जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकलेली सापडते, किंवा खांबावरच्या टोकातून पाणी आत झिरपून जाळी काळी-हिरवी पडलेली दिसते. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते.

लहान शहराची एक खास अडचण म्हणजे दोन मोठ्या शहरांचे मनोरे दोन दिशांना असणे. दोन अँटेना लावून त्यांच्या केबल एका साध्या विभाजकात (स्प्लिटरमध्ये) उलट जोडण्याचा मोह होतो. त्यात प्रत्येक बाजूचे सुमारे ३ डेसिबल जातात, शिवाय एकच वाहिनी दोन्ही अँटेनांतून वेगवेगळ्या कलेत, म्हणजे लहरींचे चढ-उतार जुळत नसताना, आत येऊन स्वतःलाच मारू शकते. एका दिशेला व्हीएचएफ आणि दुसऱ्या दिशेला यूएचएफ असेल, तर पट्टे वेगळे ठेवणारा संयोजक वापरून हे जमते. नाहीतर खांब फिरवणारी मोटर किंवा दोन स्वतंत्र ट्यूनर हेच मार्ग उरतात. शांत, उच्च दाबाच्या हवेत, विशेषतः समुद्राजवळ, थंड हवेवर उबदार थर बसला की शेकडो किलोमीटरवरच्या मनोऱ्याची लहर त्याच वारंवारतेवर येऊन धडकते. त्या दिवशी चित्र गेले म्हणून अँटेना हलवू नये आणि वाहिन्यांचा नव्याने शोधही घेऊ नये. हवा बदलली की चित्र आपोआप परतते, उलट शोध घेतल्यास संच जतन केलेली यादी पुसून टाकतो.

डिजिटल रेडिओचे ग्रहण याच नियमांनी चालते, पण त्याचे तपशील निराळे आहेत. युरोपात १९८७ साली सुरू झालेल्या युरेका-१४७ प्रकल्पातून पुढे आलेली डीएबी ही डिजिटल रेडिओ प्रणाली व्हीएचएफच्या १७४ ते २४० मेगाहर्ट्झ पट्ट्यात चालते. १.५३६ मेगाहर्ट्झ रुंदीच्या एका खंडात १,५३६ वाहक लहरी असतात आणि त्यांवर अनेक केंद्रे एकत्र येतात. प्रत्येक चिन्हाआधी (एका वेळी पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याआधी) २४६ मायक्रोसेकंदांचा राखीव काळ असल्यामुळे सुमारे ७४ किलोमीटर जास्त अंतर कापून आलेली त्याच केंद्राची दुसरी लहर त्रास न देता उपयोगी पडते. त्यामुळे एकाच वारंवारतेवर अनेक मनोरे चालवता येतात, आणि दोन मनोऱ्यांच्या मध्ये असलेल्या शहराला त्याचा लाभ होतो. डीएबीचे ध्रुवण उभे असते, म्हणून रेडिओची दुर्बिणीसारखी लांबणारी काडी पूर्ण बाहेर काढून उभी धरावी. ती आडवी पाडणे ही सर्रास होणारी चूक आहे. मूळ डीएबीत सिग्नल कमी पडला की आवाज पाण्यात गुडगुडल्यासारखा येई. २००७ मध्ये आलेल्या डीएबी+ मध्ये आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम थांबतो. या पट्ट्याला घरातल्या विजेच्या उपकरणांचा उपद्रव फार होतो. स्वस्त एलईडी दिवा किंवा चार्जर एक-एक करून बंद करत गेल्यास रेडिओ अडवणारे उपकरण सापडते.

अमेरिकेत २००२ मध्ये मान्य झालेली एचडी रेडिओ प्रणाली डिजिटल लहरी जुन्या एफएम केंद्राच्याच दोन्ही कडांना बसवते. सुरुवातीला डिजिटल शक्ती अॅनालॉगच्या केवळ १ टक्का होती. २०१० मध्ये ती १० टक्क्यांपर्यंत वाढवण्यास परवानगी मिळाली. तरीही ती अॅनालॉगपेक्षा बरीच कमी असल्यामुळे दूरच्या शहरात केंद्राचा अॅनालॉग आवाज स्पष्ट येतो, पण डिजिटल खूण लुकलुकत राहते. मध्यम व लघुलहरींसाठीची डीआरएम प्रणाली क्षितिजाच्या अटीपासून बरीचशी मुक्त आहे. भारतात आकाशवाणीने ती मध्यमलहरींवर वापरली आहे.

अॅनालॉग बंद होण्याचा क्रम बर्लिन परिसरातून ऑगस्ट २००३ मध्ये सुरू झाला. लक्झेंबर्ग २००६ मध्ये पूर्णपणे डिजिटल झाला. अमेरिकेतील पूर्ण शक्तीची केंद्रे १२ जून २००९ रोजी बदलली, पण लहान गावांना सेवा देणाऱ्या कमी शक्तीच्या केंद्रांना जुलै २०२१ पर्यंत मुदत मिळाली. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफएम प्रक्षेपण थांबवले, स्थानिक केंद्रे मात्र एफएमवर राहिली.

स्थानिक केंद्रांना राष्ट्रीय मल्टिप्लेक्समधली (अनेक केंद्रे एकत्र वाहून नेणाऱ्या डीएबी खंडातली) जागा परवडत नाही, ही लहान शहरांची रास्त तक्रार होती. त्यावर ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने २०१५ मध्ये दहा ठिकाणी संगणकावरील सॉफ्टवेअरच्या आधारे चालणाऱ्या लहान डीएबी प्रक्षेपकांची चाचणी घेतली, आणि पुढे त्यासाठी स्वतंत्र परवाने दिले. अशा प्रक्षेपकामुळे शहराला स्वतःचे मल्टिप्लेक्स मिळते. मात्र त्याच्या अगदी जवळच्या गल्ल्यांत त्याची लहर एवढी जोरदार असते की शेजारच्या वारंवारतेवरचे दूरचे मल्टिप्लेक्स रेडिओला ऐकू येईनासे होते, आणि म्हणून अशा लहान प्रक्षेपकाची जागा व शक्ती ठरवताना आसपासच्या घरांना आधीची केंद्रे गमवावी लागणार नाहीत, याची गणना आधी करावी लागते.