मूस, नानाभाय अर्देशीर फ्रामजी

(२९ ऑक्टोबर १८५९–१९३६). भूचुंबकत्वशास्त्रज्ञ, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक (१८९६–१९१९). पुणे आणि एडिनबरो इथं शिक्षण, मग एल्फिन्स्टन कॉलेजात काही काळ शिकवणं आणि तिथून वेधशाळा. चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर कारभार त्यांच्याकडे आला. १८९८ साली कुलाब्याला मिल्नचा भूकंपमापक बसला तोही त्यांच्याच काळात, पण आज त्यांचं नाव निघतं ते चुंबकीय वादळांमुळे, म्हणजे सूर्यावरच्या उद्रेकांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणाऱ्या खळबळीमुळे. अवकाश हवामान हा शब्द त्यांच्या हयातीत नव्हता, काम मात्र तेच.

वेधशाळा १८२६ ची, ईस्ट इंडिया कंपनीनं बांधलेली. चुंबकीय वेध १८४१ पासून, सलग मालिका १८४६ पासून धरतात. मूस यांच्या हातात आला तो हा सगळा ढीग. १८४६ ते १९०५ अशी साठ वर्षांची आकडेवारी आणि तिची चर्चा त्यांनी १९१० साली दोन भागांत छापली. नुसते तक्ते असते तर कोणी फारसं विचारलं नसतं. त्यांनी काय केलं, तर अचानक सुरू होणारी वादळं निवडली, घड्याळातली वेळ बाजूला ठेवली आणि प्रत्येक वादळाचे तास ते सुरू झालं त्या क्षणापासून मोजून सगळ्यांची सरासरी काढली. एकेका वादळाचा आलेख बघितला तर नुसती खरड दिसते, सरासरीत मात्र स्वच्छ आकार येतो: आडव्या घटकात (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जमिनीला समांतर भाग) आधी थोडी वाढ, मग काही तासांत मोठी घसरण, आणि पुढे दिवसचे दिवस चालणारी हळू भरपाई.

ही पद्धत नक्की कोणाची यावर मतं वेगळी आहेत. पुष्कळ लिखाणात श्रेय थेट ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांना जातं, कारण १९१८ च्या निबंधात त्यांनी ४० वादळं आणि अनेक वेधशाळा घेऊन ती नीट मांडली. एका ठिकाणापुरती का होईना, सुरुवात मूस यांची होती हे मत जास्त पटतं. जगभराचं चित्र चॅपमन यांचं. मुंबईची जागाही सोयीची पडली. चुंबकीय अक्षांश साधारण १० अंश उत्तर, म्हणजे विषुववृत्तावरच्या विद्युतप्रवाहाच्या पट्ट्यापासून लांब आणि ध्रुवीय प्रकाशाच्या गोंगाटापासून तर फारच लांब, त्यामुळे वलय प्रवाहाचा, म्हणजे वादळात पृथ्वीभोवती कड्यासारख्या वाढणाऱ्या विद्युतप्रवाहाचा परिणाम इथं बराच निर्भेळ दिसतो.

१८५९ चं प्रचंड चुंबकीय वादळ याच मालिकेत येतं (मूस यांचा जन्म त्यानंतर दोन महिन्यांच्या आत झाला, हा आपला योगायोग). तेव्हा फोटोग्राफिक नोंद नव्हती. चुंबक टांगलेला, समोर दुर्बीण, आणि माणूस डोळा लावून पट्टीवरचा आकडा वाचायचा. एरवी तासाला एकदा, गडबड दिसली की १५ मिनिटांनी नाहीतर ५ मिनिटांनी. २ सप्टेंबरला दुपारच्या सुमारास आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लानं (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली आला. त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी २००३ साली यावर लेख लिहिला, डीएसटी निर्देशांक (वादळ किती जोरदार ते सांगणारा आकडा, जितका जास्त उणे तितकं जोरदार) -१७६० च्या आसपास असावा असा अंदाज दिला आणि वाद सुरू झाला. घसरण इतक्या झटपट भरून आली की ती एकट्या वलय प्रवाहाची असणं अवघड, दिवसाच्या बाजूचे दुसरे प्रवाह त्यात मिसळले असणार, असं काहींचं म्हणणं. शिवाय डीएसटी तासाच्या सरासरीचा असतो, आणि कुलाब्याच्या नोंदींची तशी सरासरी घेतली तर आकडा -८५० च्या जवळ येतो. मार्च १९८९ चं, कॅनडातल्या क्युबेकची वीज घालवणारं वादळ -५८९ चं होतं, त्याच्याशी तुलना करायची तर सरासरीचाच आकडा धरलेला बरा. दुर्बिणीतून वाचलेल्या १६०० वर कोणाचा तसा आक्षेप नाही, भांडण आहे ते त्याच्या कारणाचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्रामची योजना आली. रुळांतून जमिनीत गळणाऱ्या करंटनं सूक्ष्म नोंदी बिघडणार म्हणून चुंबकीय काम अलिबागला न्यायचं ठरलं, कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटर. सगळा भाग बेसाल्टचा आणि बेसाल्ट स्वतःच चुंबकीय, मग इमारतीला पोरबंदरचा वालुकाश्म आणला, लोखंड टाळलं. अलिबागचं काम एप्रिल १९०४ मध्ये सुरू झालं पण कुलाब्याची उपकरणं लगेच बंद केली नाहीत, १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वाचन चालू ठेवलं. दोन जागांची मूळ पातळी वेगळी, तो फरक मोजला नसता तर १८४६ ची मालिका तिथंच तुटली असती. सरासरीच्या कामाइतकंच हे मोलाचं आहे, चरित्रांत मात्र त्याला एखादी ओळ मिळते. ट्राम धावली १९०७ मध्ये.

१९१९ साली मूस निवृत्त झाले. वेधशाळा १८९९ पासून हवामान खात्याकडे होती, १९७१ मध्ये कुलाबा-अलिबागमधून भारतीय भूचुंबकत्व संस्था वेगळी निघाली, तिचं मुख्यालय आता पनवेलला आहे. अलिबागला वेध अजून चालू आहेत.